आधी वीज तोडा

उत्तराखंडातल्या चमोलीत अलकनंदेच्या काठी जुलै २०२३मध्ये सोळा जणांचा जीव गेला. याला दुर्घटना म्हणायची आमची तयारी नाही. 'नमामि गंगे' योजनेतल्या तिथल्या सांडपाणी प्रकल्पात आदल्या रात्रीच एक कर्मचारी विजेच्या धक्क्याने गेला होता. लोखंडात करंट उतरतो, हे सकाळी सगळ्यांनी ओळखायला हवे होते. पंचनाम्याला पोलीस आले, नातलग आले, गावकरी जमले. प्रकल्पाची वीज मात्र कोणी तोडली नाही. रात्री गेलेला फेज सकाळी जोडला, असे वीज कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी सांगितले. जोडण्याआधी तिथे माणसे आहेत का, एवढे विचारायला एक फोन पुरला असता. वीज आली आणि रेलिंगपाशी उभे असलेले फौजदार, होमगार्ड, गावकरी जागीच कोसळले.

मग आले निलंबन, चौकशी, मदतीचे आकडे. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग? तीस मिलिअँपिअर गळती होताच क्षणार्धात पुरवठा तोडणारे ईएलसीबी काही हजारांत मिळते. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचे, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायची, याला तर जवळजवळ काहीच खर्च नाही. विद्युत सुरक्षेचे नवे नियम त्याच्या आदल्याच महिन्यात, जून २०२३मध्ये आले होते. नियम कमी पडत नाहीत. स्विचपाशी जबाबदार माणूस नसतो. ठेकेदार वीज कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी ठेकेदाराकडे, आणि मधला मजूर मरतो.

महाराष्ट्राने हळहळून मोकळे होऊ नये. आपला कंत्राटी वायरमनही असाच मरतो. लाइन बंद असल्याचे परमिट घेऊन तो खांबावर चढतो आणि कुणाच्या तरी जनरेटरचा रिटर्न सप्लाय तारेत येतो, नाहीतर उपकेंद्रातून कोणीतरी फीडर चालू करतो. तारा दोन्ही बाजूंनी अर्थ केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्यालाही ठाऊक असते. पण डिस्चार्ज रॉड आणि धड हातमोजे त्याच्या हातात कोण देतो? फोनवर मात्र 'लाइन लवकर चालू कर' एवढेच ऐकू येते.

हाच धोका दरवर्षी गणेशोत्सवातही असतो. ओल्या मैदानात लोखंडी सांगाडे उभे राहतात, सेलोटेप गुंडाळलेल्या जोडांवर रोषणाई होते आणि ती करणारी पोरे अनवाणी असतात. ईएलसीबी नसलेल्या मंडपाला तात्पुरती जोडणी देऊ नये, मंडळ कितीही मोठ्या पुढाऱ्याचे असो. आणि राज्यातल्या प्रत्येक सांडपाणी व पाणीपुरवठा केंद्राचे अर्थिंग विद्युत निरीक्षकांनी तपासून अहवाल लोकांसमोर ठेवावा.