पोराला पूर्ण हंगाम द्या

कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम तोंडावर आला आहे. गांधी मैदानावर भल्या सकाळी शिट्ट्या वाजू लागल्या आहेत. कोणत्या तालमीनं बाहेरून कुणाला आणलं, कुणाचा कीपर कुणी पळवला, याच्या खबरा पेठेतल्या कट्ट्यांवर फिरू लागल्या आहेत. थोड्याच दिवसांत शाहू स्टेडियमच्या गॅलऱ्या भरतील. त्याआधी मला माझ्या माणसांकडे एक मागणं मांडायचं आहे. यंदा वरच्या संघात जी सतरा-अठरा वर्षांची पोरं पहिल्यांदा उतरतील, त्यांना पूर्ण हंगाम द्या. दोन सामन्यांत त्यांचा निकाल लावू नका.

मी तालमीकडून हाफला खेळलेला माणूस आहे. आता सकाळी पोरांना शिकवतो आणि सामन्याच्या दिवशी गॅलरीत बसतो. त्यामुळे पोरगा मैदानात काय करतो आणि गॅलरी त्याला काय करते, हे दोन्ही जवळून दिसतं.

गेल्या हंगामातला एक पोरगा घ्या. डावा विंगर, वय सतरा. त्याचं नाव लिहीत नाही, पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात. सुरुवातीच्याच मिनिटांत त्यानं समोरच्या बॅकला अंगावर घेतलं, चकवलं, पण क्रॉस गोलपोस्टच्या मागं गेला. दुसऱ्यांदा तो पुन्हा अंगावर गेला, चेंडू हिसकावला गेला आणि त्याच चेंडूवर आमच्यावर गोल झाला. गॅलरीतून आवाज आला, ‘अरं, काढा की त्येला भाईर!’ मग एकाचे दहा झाले, दहाचे शंभर झाले.

त्यानंतर त्या पोरानं काय केलं, ते गॅलरीला दिसलं नाही. तो बॅकच्या आडोशाला जाऊन उभा राहू लागला. हात वर करून चेंडू मागायचा, पण पाय असे ठेवायचा की त्याच्याकडे पास येऊच नये. आलाच चेंडू, तर पहिल्या टचला मागं, आपल्याच बॅककडे. पुढं मोकळी जागा होती, तिकडं त्यानं मान वर करून पाहिलंही नाही. हाफ टाइमला कुणीतरी म्हणालं, ‘आता बरा खेळायला लागलाय.’ बरा कसला? त्यानं खेळणंच सोडलं होतं. आता त्याच्याकडून चूक होत नव्हती, कारण चूक होईल असं काही तो करतच नव्हता.

याला आम्ही लपणं म्हणतो. सरावात हे मला दोन मिनिटांत मोडता येतं. पोराला बाजूला घ्यायचं, ‘घे अंगावर, गेला चेंडू तर गेला’ म्हणायचं, की तो पुन्हा धावतो. पण हजारोंच्या गॅलरीपुढं माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही, तुमचा पोचतो. पोराचं ट्रॅपिंग, पासिंग, दमसास हे सगळं प्रशिक्षक देऊ शकतो. चूक झाल्यावरही पुन्हा चेंडू मागण्याची हिंमत मात्र त्याला प्रेक्षकांकडूनच मिळते.

शिवाय या वयात पोरांच्या चुका होतात, त्याला कारणं असतात. किशोरवयात उंची झपाट्यानं वाढते, पायाचा पल्ला बदलतो, वर्षात दोनदा बूट लहान होतात. कालपर्यंत पायाला चिकटून राहणारा चेंडू आज हातभर लांब जातो. कौशल्य हरवलेलं नसतं, नव्या शरीराला ते पुन्हा शिकवावं लागतं. त्यात शालेय सामन्यात चेंडू घेऊन मान वर करायला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या निम्माही वरच्या संघात मिळत नाही. अठ्ठावीस वर्षांचा, दहा हंगाम खाल्लेला बॅक चेंडू यायच्या आधीच अंगावर आलेला असतो. त्याच्याशी कसं भिडायचं हे कुणी फळ्यावर शिकवू शकत नाही. त्याला सामने लागतात, आणि त्यातले बरेचसे सामने वाईट जातात.

आपल्या अनिकेत जाधवचाच प्रवास पाहा. कोल्हापूरचं हे पोरगं २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलं, तेव्हा आपण पेठापेठांत फलक लावले. त्या संघानं तिन्ही सामने गमावले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जॅक्सन सिंगनं बरोबरीचा गोल केला, फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. पोरं आनंदानं वेडी झाली आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल मारला. सतरा वर्षांची पोरं अशीच असतात. त्या दिवशी देशानं त्यांना शिव्या घातल्या नाहीत, टाळ्याच वाजवल्या. ती पोरं आपली आहेत आणि अजून शिकताहेत, हे तेव्हा सगळ्यांना मान्य होतं.

त्यानंतर यातल्या बहुतेकांना इंडियन अ‍ॅरोज या संघातून आय-लीगमध्ये उतरवलं गेलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० असं हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. पण तो हंगाम संपला तेव्हा अ‍ॅरोज गुणतक्त्यात तळाला होते. दुसरा कुठला संघ असता तर खालच्या श्रेणीत गेला असता. अ‍ॅरोज गेले नाहीत, कारण त्यांना पदावनती लागू नव्हती. हरायची मुभा त्यांना नियमानंच दिली होती. त्या संघातून अनिकेत, सुरेश वांगजाम, जॅक्सन, रहीम अली अशी पोरं पुढं आयएसएलमध्ये गेली. अनिकेत जमशेदपूरकडून खेळला, हैदराबादकडून, ओडिशाकडून.

आपण अभिमानानं अनिकेतचं नाव घेतो, ते घ्यायलाच हवं. पण त्याचं घडणं कुठं झालं? पुण्यात, क्रीडा प्रबोधिनी आणि पुणे एफसीच्या अकादमीत, आणि मग अ‍ॅरोजमध्ये. जिथं एक सामना वाईट गेला म्हणून त्याला कुणी बाहेर काढा म्हणून ओरडलं नाही, तिथं तो मोठा झाला. तोच पोरगा सतराव्या वर्षी आपल्या स्टेडियममध्ये उतरला असता आणि पहिले तीन सामने त्याच्या पायाला चेंडू लागला नसता, तर आपण त्याला चौथा सामना दिला असता का? मला खात्री वाटत नाही, आणि याचं मला दुःख आहे.

वाट पाहिली तर काय मिळतं, हे मिझोरामच्या लालियानझुआला छांगटेनं दाखवून दिलं आहे. २०१५च्या सॅफ स्पर्धेत अठरा वर्षांच्या या पोरानं नेपाळविरुद्ध दोन गोल केले आणि देशभर त्याचं नाव झालं. मग पुढची कित्येक वर्षं तो या क्लबातून त्या क्लबात जात राहिला. वेग आहे, पण शेवटचा फटका नाही, हे वाक्य त्याच्याबद्दल सगळीकडे ऐकू यायचं. २०२२च्या सुरुवातीला तो मुंबई सिटीत आला आणि २०२२-२३च्या आयएसएलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल घेऊन गेला. २०१५च्या त्या दोन गोलांपासून इथवर यायला सात वर्षं लागली. मधल्या काळात त्याला मैदानावर ठेवणारं कुणीतरी होतं, म्हणून तो आज आपल्याला दिसतो.

आणि वाट पाहिली नाही तर काय होतं, तेही देशानं पाहिलं आहे. सुनील छेत्री जून २०२४मध्ये कुवेतविरुद्धचा सामना खेळून आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. पुढच्याच मार्चमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याला परत यावं लागलं आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. छेत्रीचं कौतुक कितीही केलं तरी कमीच आहे. पण दीडशे कोटींच्या देशाला त्याच्या जागी उभा करायला विशीतला एक फॉरवर्ड मिळू नये, ही चिंतेची गोष्ट आहे. आयएसएल क्लबांत गोल करायच्या जागा वर्षानुवर्षं बहुतेक परदेशी खेळाडूंकडे राहिल्या, कारण आपल्या पोराला त्या जागेवर चुकू द्यायला कुणी तयार नव्हतं. आपल्या तालमीही बाहेरचा तयार फॉरवर्ड आणतात, त्याचं कारण वेगळं नाही. मंडळाचे पदाधिकारी गॅलरीला घाबरतात आणि गॅलरीला रविवारीच निकाल हवा असतो.

खरं तर वाट पाहणं कोल्हापूरला नवं नाही. आपले बहुतेक फुटबॉल संघ तालमींचे आहेत, आणि तालमीच्या मातीत वस्तादानं पठ्ठा कसा वाढवला, ते आपल्या आजोबांनी पाहिलं आहे. आधी गावच्या जत्रेत रेवडी-खोबऱ्यावरची कुस्ती, मग थोड्या मोठ्या इनामाची, मग तालुक्याच्या मैदानातली. तोलामोलाची जोड बघूनच कुस्ती लावायची. खासबागेत मोठ्या पैलवानासमोर पोराला उभं करायची घाई शहाण्या वस्तादानं कधी केली नाही. पोरगं चितपट झालं तरी पाठीवर थाप मारून लोक त्याच्या हातात पैसे ठेवायचे. ज्या शहराला लाल मातीत एवढी समज होती, त्यानं हिरवळीवर ती का सोडावी?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. लोक म्हणतात, ‘आम्ही तिकीट काढून येतो, उन्हात बसतो, घसा फोडतो. पाटाकडील-दिलबहारचा सामना म्हणजे पोरांच्या सरावाची जागा आहे काय?’ नाही, तशी नाही. अंतिम सामन्यात अकराच्या अकरा कच्ची पोरं उतरवा असं मी म्हणत नाही. पण साखळीतले सामने असतात, दोन गोलांची आघाडी असते, उत्तरार्धातली शेवटची वीस मिनिटं असतात. तिथं पोराला उतरवता येतं, आणि तिथं तो चुकला तर पेठेचं काही बिघडत नाही. नियम असो वा नसो, प्रत्येक मंडळानं आपल्याच बैठकीत ठरवावं की साखळी फेरीच्या प्रत्येक सामन्यात एकोणीस वर्षांखालचा किमान एक स्थानिक पोरगा किमान एक हाफ खेळेल. आणि तो वाईट खेळला तरी पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचं नाव राहील. या दुसऱ्या अटीशिवाय पहिलीला अर्थ नाही.

कशावर ओरडायचं आणि कशावर नाही, तेही सांगतो. पोरगा सरावाला येत नसेल, चेंडू गेल्यावर मागं धावत नसेल, पंचांशी हुज्जत घालत असेल, तर त्याला जरूर सुनवा, मीही सुनावतो. कष्टातली कसूर माफ करण्यात त्याचं भलं नाही. पण अंगावर गेला आणि चेंडू गमावला, फटका मारला आणि बारवरून गेला, पुढं पास दिला आणि तो अडवला गेला, तर त्याला शिवी देऊ नका. ही शिकणाऱ्याची चूक आहे. तिला गॅलरीनं ‘पुन्हा घे’ एवढंच म्हणावं. हे दोन शब्द शंभर तोंडांतून आले, तर तो पोरगा बॅकच्या आडोशाला जाऊन लपत नाही. मी हे पाहिलं आहे. संघ हरत असतानाही गॅलरीच्या एका कोपऱ्यानं पोराला असं उचलून धरलं आणि त्यानं शेवटपर्यंत चेंडू मागितला.

मोबाइलबद्दलही एक सांगणं आहे. पूर्वी सामन्यातली शिवी स्टेडियमच्या दारातच राहायची. आता पोराच्या चुकीची क्लिप तो घरी पोचायच्या आत पेठेच्या ग्रुपवर असते, त्याची आई ती बघते, शाळेतली पोरं ती बघतात. मोठ्या खेळाडूला हे पचवता येतं. सतरा वर्षांच्या पोराची अशी क्लिप आली तर ती पुढं पाठवू नका, एवढं प्रत्येकाच्या हातात आहे.

स्वतःचं मैदान, पेठेगणिक संघ आणि कडक उन्हातही भरणारी गॅलरी, एवढं सगळं महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या गावाकडे आहे? या गावातून दर चार-पाच वर्षांनी एक अनिकेत निघायला हवा, आणि त्याला घडण्यासाठी कोल्हापूर सोडावं लागू नये. येत्या हंगामात तुमच्या तालमीच्या यादीत एखादं नवं, अनोळखी नाव दिसेल. त्याचा पहिला सामना वाईट जाईल, बहुधा दुसराही. तिसऱ्यालाही त्याच्यासाठी गॅलरीत या, आणि त्यानं चेंडू मागितला की टाळी वाजवा.