वाटीतले पाणी आणि तहानलेला सरडा

१९७२ साली हवाई द्वीपसमूहातील ओआहू बेटावर, कानेओहे या गावी, पाळीव प्राणी विकणाऱ्या एका दुकानदाराने केनियातून काही डझन शॅमेलिऑन सरडे मागविले. नराच्या डोक्यावर तीन शिंगे असलेली ही जात जॅक्सनचा शॅमेलिऑन या नावाने ओळखली जाते. सरकारी परवाना घेऊन रीतसर आणलेले हे सरडे मुक्कामी पोहोचले तेव्हा पार रोडावलेले होते. त्यांच्या अंगातले पाणी आटले होते. त्यांना तरतरी यावी म्हणून दुकानदाराने ते परसातील झाडाझुडपांवर सोडून दिले. सावरले की सवडीने पकडून आणू, असा त्याचा हिशेब होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत अशी मराठीत म्हण आहे. कानेओहेच्या सरड्यांनी ती साफ खोटी पाडली. ते सावरले, कुंपण ओलांडून गेले आणि त्यांची प्रजा यथावकाश इतर बेटांवरही पसरली. पुढे संशोधकांना त्यांच्या पोटात ओआहूवरील दुर्मिळ स्थानिक गोगलगायींचे अवशेष सापडले. आज हवाईत हा सरडा उपद्रवी वन्यजीव म्हणून गणला जातो.

परकी जीवजात सोडल्याने केवढा अनर्थ होतो, याचा दाखला म्हणून ही हकीकत नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही. प्राण्यांचाच व्यापार करणाऱ्या त्या गृहस्थाला ते सरडे झाडावर सोडण्याची गरज का भासली? दुकानात पाणी नव्हते असे थोडेच आहे! पाणी होते, पण ज्या रूपात शॅमेलिऑनला पाणी पाणी म्हणून कळते, ते रूप पिंजऱ्यात नव्हते. दुकानदाराचे निदान अचूक होते; चुकला तो कुंपणाचा अंदाज. त्यानंतर शॅमेलिऑन पाळण्याचा षोक अमेरिकेत व युरोपात वाढला. येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला शिरस्त्राणधारी शॅमेलिऑन, मादागास्करचा रंगीत पँथर शॅमेलिऑन हे तेथील घराघरांत पोहोचले आणि आता भारतातील हौशी मंडळींनाही त्यांचे आकर्षण वाटू लागले आहे. मात्र पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवली की कर्तव्य संपले, ही समजूत पुष्कळ ठिकाणी कायम आहे. भरलेल्या वाटीशेजारी प्राणी तहानेने झुरतो, आणि मालकाला त्याचा पत्ता लागत नाही.

वस्तुतः हा वृक्षवासी प्राणी आहे. खाली उतरून डबक्यात तोंड घालणे त्याच्या स्वभावात नाही. पानांवर पडलेला पाऊस, पहाटेचे दव, धुके यांतून साचणारे थेंब तो टिपतो. थेंब हलला, चमकला, पानाच्या टोकाशी लोंबकळला म्हणजे त्याची नजर तेथे खिळते. साचलेले स्तब्ध पाणी बहुधा त्याच्या लक्षातच येत नाही. शिवाय पाणी दिसताच तो धावतही नाही. शिडकावा सुरू झाल्यावर कित्येक मिनिटे तो निश्चल बसतो, एक डोळा इकडे व दुसरा तिकडे फिरवितो, आणि मग कुठे पानाला नाक लावून पिऊ लागतो. फवाऱ्याच्या चार पिचकाऱ्या मारून उठून जाणाऱ्या माणसाने पाने ओली केलेली असतात, सरड्याला पाणी पाजलेले नसते.

निरोगी प्राणी अशी हेळसांड काही काळ सोसतो. आजाऱ्याला ती सोसत नाही. सरपटणारे प्राणी शरीरातील टाकाऊ द्रव्य मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपाने, पांढऱ्या लगद्यासारखे, बाहेर टाकतात. पाण्याची बचत करणारी ही उत्तम सोय होय. परंतु शरीरात पाणीच कमी पडले तर हे आम्ल मूत्रपिंडात व सांध्यांत साचू लागते. भूक मंदावलेला प्राणी किडे खात नाही, त्यामुळे किड्यांतून मिळणारे पाणीही बंद होते. पाणी नाही म्हणून मूत्रपिंडे बिघडतात, आणि मूत्रपिंडे बिघडली म्हणून भूक आणखी मरते. या फेऱ्यात सापडलेला सरडा ओळखता येतो. बुरुजासारखे पुढे आलेले डोळे खोबणीत खोल जातात, कातडीला पडलेली घडी लवकर मिटत नाही, तोंडात चिकट तारा दिसतात आणि विष्ठेतील पांढरा भाग पिवळा वा नारिंगी होतो. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन झोपाळू नसतो. तो गंभीर आजारी असतो. अशा वेळी त्याच्या रंगावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. तो परिसराप्रमाणे रंग बदलतो ही समजूत राजकारण्यांना उपमा देण्यापुरती सोयीची असली, तरी त्याच्या रंगबदलाचा संबंध मुख्यत्वे उष्णतेशी, इतर सरड्यांशी होणाऱ्या संकेतांशी आणि मनःस्थितीशी आहे.

घरच्या घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत. त्यांना पैसा थोडा आणि सवड फार लागते. महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या प्राण्याला पाणी पाजण्याचे तंत्र निराळे शिकविण्याची गरज नाही. तळाशी सुईने बारीक छिद्र पाडलेले भांडे पिंजऱ्यावर ठेवावे, थेंब पानांवरून ओघळत जातील असे पाहावे आणि खाली साचलेले पाणी रोज काढून टाकावे. फवारा मारावयाचा तो कोमट पाण्याचा, बारीक, आणि पाच-दहा मिनिटे सलग. प्राणी पिऊ लागला तर तो थांबेपर्यंत. फार कोरडा पडलेला प्राणी कुंडीतल्या झाडावर बसवून न्हाणीघरात न्यावा, कोमट पाण्याची धार त्याच्या अंगावर न सोडता भिंतीवर सोडावी, आणि उडणारे तुषार त्याच्यापर्यंत पोहोचू द्यावेत. वीसेक मिनिटे हे चालावे, व तेवढा वेळ कोणीतरी तेथे असावे. खाद्य म्हणून द्यावयाचे किडे आदल्या दिवशी हिरवा पाला व गाजर खाऊन पुष्ट झालेले असले तर त्यांतूनही थोडे पाणी पोटात जाते. मात्र ओलावा हवा म्हणून चारी बाजूंनी बंद काचेच्या पेटीत प्राण्याला सतत भिजत ठेवणे हा उपाय नव्हे. कोंदट हवेत फुप्फुसाचे विकार बळावतात. दोन शिडकाव्यांच्या मध्ये पाने वाळली पाहिजेत.

खरा धोका आहे तो मायेपोटी केलेल्या घाईत. प्राणी पीत नाही असे दिसले की जबडा उघडून पिचकारीने पाणी घशात सोडण्याचा मोह होतो. या प्राण्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशी, तोंडातच पुढच्या बाजूस असते. जबरीने सोडलेले पाणी पोटाऐवजी फुप्फुसात जाण्यास वेळ लागत नाही, आणि तहानेने मेला नसता तो प्राणी उपचाराने मरतो. सुई काढलेल्या पिचकारीने नाकाच्या शेंड्यावर एकेक थेंब ठेवावा. त्याने स्वतःहून जीभ काढली तर पुढचा थेंब, न काढली तर तेथेच थांबावे. सरड्याला बादलीत बुडवून ठेवण्याचा प्रघातही असाच. त्याची खवल्यांची कातडी बेडकाच्या कातडीसारखी पाणी शोषणारी नव्हे; झाडावरच्या प्राण्याला बुडण्याची भीती घालण्यापलीकडे त्यातून फारसे काही साधत नाही. डोळे खोल गेलेले आणि फवाऱ्याखालीही प्राणी पीत नाही, अशी अवस्था आली म्हणजे घरचे उपाय संपले असे समजावे. त्या वेळी द्रव शरीरात सोडण्याचे काम पशुवैद्याचेच आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच. तेव्हा त्यांचा पत्ता प्राणी आजारी पडण्यापूर्वीच शोधून ठेवलेला बरा.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या राज्यात सरड्याच्या पाण्याची एवढी चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु येथे तुटवडा पाण्याचा नाहीच; तांब्याभर पाण्यात या प्राण्याचा दिवस निभावतो. तुटवडा आहे तो माहितीचा, आणि त्याचा दोष एकट्या मालकावर टाकता येणार नाही. परदेशी प्राण्यांच्या बाबतीत २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली व २०२४ च्या नियमांनी आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली. हे आवश्यकच होते. पण या व्यवस्थेचा रोख प्राणी कोठून आला आणि कोणाच्या ताब्यात आहे, यावर आहे. तो जगेल कसा, हा प्रश्न विक्रेत्याच्या सदिच्छेवर सोडून कसे चालेल? पिंजरा, दिवा आणि वाटी यांची किंमत लावणाऱ्याने ग्राहकासमोर प्राणी पाणी पितो हे दाखविले पाहिजे, आणि पाणी पाजण्याची रीत मराठीत लेखी दिली पाहिजे. त्यासाठी ग्राहकाला अर्धा तास दुकानात बसावे लागेल. तेवढा धीर ज्याच्यापाशी नसेल त्याने शॅमेलिऑन घेऊ नये, हे तेथेच ठरून जाईल.

भारतातील शॅमेलिऑन, म्हणजे कोकणात व इतरत्र आढळणारा घोयरा, याची गोष्ट वेगळी आहे. हवाईत ते सरडे उतरले त्याच वर्षी, १९७२ साली, झालेल्या कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. तो घरी पाळता येत नाही. विषारी समजून त्याला ठेचणारे लोक अजून आहेत, तसेच दया येऊन घरी आणणारेही आहेत. वास्तविक तो विषारी नाही, आणि बहुधा त्याला मदतीचीही गरज नसते. रस्ता ओलांडताना तो दिसला तर काठीवर चढवून, ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर सोडावा. जखमी असेल तर वन विभागाला कळवावे. माणसे येईपर्यंत भोके पाडलेल्या खोक्यात पालेदार फांदी घालून त्यावर त्याला सावलीत बसवावे, पानांवर थोडे पाणी शिंपडावे, आणि त्याचे तोंड उघडू नये.