बिजागरीच्या बाजूने

बिजागरीची बाजू घेऊन आजवर कुणी भांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दाराला तोरण लागते, दारात रांगोळी पडते, दारावर पाटी येते, पाटीवर मालकाचे नाव आणि नावापुढे जमली तर पदवीही येते. पण हा सगळा थाट ज्या दोन बोटांएवढ्या लोखंडावर तोललेला असतो, त्याची आठवण व्हायची ती फक्त ते कुरकुरल्यावर. घरातल्या कर्त्या बाईचे आणि बिजागरीचे नशीब एकाच शाईने लिहिलेले दिसते.

तेव्हा हे वकीलपत्र मी आपण होऊन घेतो आहे. अशील गरीब आहे, फी मिळण्याची आशा नाही. प्रतिपक्ष मात्र तगडा आहे. "साहेब, हा पार्ट आता वेगळा येत नाही," असे गोड हसून सांगणारे सगळे जग हा माझा प्रतिपक्ष!

आधी खटल्याची हकिकत. यवतमाळचा मे महिना ज्याने काढला नाही, त्याला फ्रीज ही चैनीची वस्तू वाटू शकते. आमच्याकडे पारा ४४-४५ वर जाऊन बसतो, गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी थेट चहाला चालेल असे येते, आणि कूलरसमोरच्या जागेची वाटणी वडिलोपार्जित इस्टेटीसारखी करावी लागते. अशा दिवसांत आमच्या दोन दारांच्या फ्रीजने मान टाकली. म्हणजे वरच्या, फ्रीझरच्या दाराने टाकली. बिजागरीकडून दार ढिले झाले आणि दुसऱ्या कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटर खाली आले. बस, एवढेच. पण तेवढ्या फटीतून यवतमाळचा मे आत शिरला.

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. या जातीच्या फ्रीजमध्ये गारवा तयार होतो तो वर, फ्रीझरमध्ये. आणि पंखा त्यातली थोडी हवा खाली ढकलतो. वरचा सैल पडला की खालचे सगळे बिघडते. सरकारी खात्यात नोकरी केलेल्यांना हे तत्त्व अधिक फोड करून सांगायला नको. दाराच्या रबरात चुंबकाची पट्टी असते. ती चौकटीला सगळीकडून चिकटली तरच आत बाहेर वेगळे राहते. फट पडली की दमट हवा आत जाते, तिचा बर्फ होतो, बर्फ वाढला की दार आणखी पुढे ढकलले जाते, आणि बिचारा कॉम्प्रेसर परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या मुलासारखा न थांबता घरघरत बसतो. बिल मात्र बापाच्या नावावर येते.

बिलाचेही मी सोसले असते. पण आमच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आईचे इन्सुलिन असते. त्याला २ ते ८ अंशांचा गारवा लागतो. गोठूनही चालत नाही आणि तापूनही चालत नाही. नऊवारीतल्या ७८ वर्षांच्या बाईने इन्सुलिनच्या एका पेटीसाठी दिवसातून दोनदा शेजारच्या काकूंच्या घरी जायचे, आणि काकूंनी "अहो आजी, तुमचाच फ्रीज समजा," म्हणायचे. काकू मनापासून म्हणत होत्या. आईलाच ते लागत होते. आयुष्यभर कुणाकडे विरजणसुद्धा न मागितलेली ती बाई.

मग कंपनीचा माणूस आला. कंपनीचे नाव सांगत नाही. कोणतेही घ्या, संवाद तोच निघेल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने दाराला हात लावला नाही. मोबाइलने त्याचा फोटो काढला, बोटाने वरखाली केले आणि निकाल दिला : "सर, हिंज सेपरेट येत नाही. पूर्ण डोअर घ्यावं लागेल. साडेसहा हजार. पण तेही या मॉडेलचं बंद झालंय."

"मग?"

"मग सर, एक्स्चेंज. आठ वर्षं झाली ना, पुष्कळ चालला."

आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "बाळा, माझे तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुडघे आहेत. मॉडेल केव्हाच बंद झालं. आता माझंही काय ते एकदाच बघून घे."

तो हसला, कारण हसायचे त्याला शिकवलेले होते. मला हसू आले नाही. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या हातात पाना दिलाच नव्हता, फक्त दरपत्रक दिले होते. ज्यांनी पाना काढून घेतला, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा मिस्त्री आला. त्याने चष्मा कपाळावर ढकलला, दार दोन वेळा उघडले, लावले, खालून तळहात देऊन जरा उचलून पाहिले आणि म्हणाला, "सर, याले काहीच नाही झालं. बुश घासलं अन् बोल्ट ढिले झाले. काऊन फेकता बाप्पा चांगला फ्रीज?"

पुढचे काम मी खुर्ची टाकून पाहिले. त्याने आधी प्लग काढायला लावला. दारातले सामान उतरवले, कारण भरलेले दार तोलता येत नाही. वरच्या कोपऱ्यावरची प्लॅस्टिकची टोपी काढली. तिच्याखाली तीन बोल्ट आणि माझी अशील बसलेली होती. बोल्ट काढून त्याने दार मधल्या खिळीवरून वर उचलले. खिळीवर बसणारे नायलॉनचे बुश एका अंगाने झिजून अंडाकृती झाले होते. पिशवीतल्या डब्यातून त्याने भंगारातल्या कुठल्यातरी फ्रीजचे बुश काढले, कानशीने जरा घासून बसवले, त्याखाली एक वायसर टाकला. माझ्या मुलाला दार सरळ धरायला लावून बोल्ट आवळले. रबर कोमट पाण्याने पुसले. पुढचे दोन पाय थोडे वर घेतले. "फ्रीज मागे जरासा कलला पाह्यजे सर, म्हणजे दार आपल्या आपण लागते." शेवटी दारात दहाची नोट धरून दार लावले आणि नोट ओढून दाखवली. चारही बाजूंना नोट अडकत अडकत आली. ती सहज सरकून आली असती तर रबर चिकटत नाही असे समजायचे. एकूण वेळ ४० मिनिटे. एकूण मागणी २५० रुपये. आईने त्याला चहा दिला आणि इन्सुलिनची पेटी स्वतः उचलून जागेवर ठेवली.

साडेसहा हजार आणि अडीचशे. माझी बाजू खरे तर इथेच संपते. पण प्रतिपक्ष असा गप्प बसणारा नाही, म्हणून त्याचे मुद्दे एकेक घेतो.

पहिला मुद्दा : नवा फ्रीज वीज कमी खातो. मान्य. वीस-पंचवीस वर्षांचा म्हातारा फ्रीज असेल तर हिशेब करून पाहावा, नव्याच्या बाजूने निघूही शकेल. पण आपल्या देशात ताऱ्यांची पट्टी २००६ साली सुरू झाली, आणि ते तारे असतात नीट लागणाऱ्या दाराचे. पाच ताऱ्यांचा फ्रीज आणि ढिली बिजागरी म्हणजे चांदीच्या तांब्याला भोक. ज्या तुकड्याने तारे टिकायचे तो तुकडाच विकायचा नाही, आणि वर वीज वाचवण्याचे प्रवचन करायचे!

दुसरा मुद्दा : बाहेरच्या माणसाने हात लावणे धोक्याचे आहे. याच्याही अर्ध्यावर मी सही करतो. हल्ली बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन नावाचा, पेट घेऊ शकणारा वायू असतो. त्याच्या नळीला अर्धवट शिकलेल्याने हात लावूच नये. पण अहो, बिजागरीत कसला वायू? काही मॉडेलांत वरच्या बिजागरीतून एखादी तार जाते, ती जपावी, एवढेच. डोळ्याचे ऑपरेशन सर्जनने करावे हे खरे, म्हणून चष्म्याचा स्क्रूही त्यानेच आवळावा काय?

तिसरा मुद्दा जरा राष्ट्रीय आहे : सगळ्यांनी दुरुस्तीच केली तर कारखाने कसे चालायचे? जणू मी जुना फ्रीज चालवतो म्हणून देशाची प्रगती अडून राहिली आहे. आमचे शेजारी हा मुद्दा फार तळमळीने मांडतात. ते स्वतः २० वर्षे जुनी स्कूटर चालवतात, ती गोष्ट वेगळी.

आणि चौथा, सगळ्यांत लबाड मुद्दा : "हे असंच असतं." नाही, महाराज, हे असेच नसते. १९५० च्या सुमारास फ्रीजला बाहेरून कडी असे. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लहान मुले लपायला शिरत, कडी आतून उघडत नसे, आणि मुले गुदमरून मरत. १९५६ साली अमेरिकेने कायदा केला की दार आतूनही उघडले पाहिजे. तेव्हाही कारखानदार अडचणी सांगत असतीलच. पण कायदा झाला आणि दार बदलले. कडी गेली, चुंबकाचे रबर आले. एवढे मोठे दार कायद्याने बदलते, तर त्याची बिजागरी वेगळी विकायला काय होते?

होते, आणि झालेही आहे. युरोपात १ मार्च २०२१ पासून असा नियम लागू आहे की फ्रीजच्या एखाद्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आला, की त्यापुढे किमान ७ वर्षे दाराच्या मुठी, बिजागऱ्या, ट्रे आणि टोपल्या, आणि किमान १० वर्षे दाराचे रबर मिळालेच पाहिजे. नियमात बिजागरीचा उल्लेख नावाने आहे! ते वाचून मला, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचे नाव गुणवत्ता यादीत दिसावे, तसे झाले.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहकदिनी, संकेतस्थळ सुरू केले. फार चांगले झाले. फक्त संकेतस्थळावर माहिती मिळते. बिजागरी मिळत नाही.

कुणी म्हणेल, वस्तू टिकवणे ही परदेशातून शिकायची गोष्ट झाली. छे! आमच्या जिल्ह्याला हे कुणी शिकवायला नको. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली, की लोहार ती तापवून, बेतात करून पुन्हा चढवतो आणि वर पाणी ओततो. निवताना ती आवळून बसते. "पाटील, धाव वेगळी येत नाही, गाडी बदला, बैलांसकट एक्स्चेंजमध्ये देऊ," असे म्हणणारा लोहार यवतमाळात अजून जन्मलेला नाही. आणि आमची शकुंतला? यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ती लहान रुळांची गाडी आता धावत नाही. पण तिचे १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत कामावर होते. ७० वर्षांहून अधिक काळ वऱ्हाडच्या उन्हात ते चालले, आणि एवढ्या वर्षांत त्याचे काय काय ढिले झाले असेल ते त्या कामगारांनाच माहीत. कुणी तरी खाली वाकत होते, पाना लावत होते, आवळत होते. मॉडेल तर केव्हाच बंद झाले होते.

माझी काळजी पैशापुरती नाही. साडेसहा हजार मी रडतखडत दिलेही असते. पण डब्यात बुश जपून ठेवणारा तो मिस्त्री आज पन्नाशीच्या पुढे आहे आणि त्याचा मुलगा शोरूममध्ये फ्रीज विकतो. मुलाला पगार चांगला आहे, बसायला एसी आहे, माझे काही म्हणणे नाही. पण उद्या कुणाच्या तरी घरी मे महिन्यात दार झुकेल, खालच्या कप्प्यात कुणाच्या तरी आईचे औषध असेल, आणि दार तळहातावर उचलून "याले काहीच नाही झालं" असे सांगणारा माणूस गल्लीत उरलेला नसेल. हे एक वाक्य ऐकण्यासाठी आपण डॉक्टरकडे किती पैसे मोजतो!

म्हणून माझ्या अशिलाच्या वतीने मागण्या तीनच. बिजागरी, बुश आणि रबर वेगळे मिळावे. त्यांची किंमत फ्रीज विकतानाच छापून द्यावी. आणि मॉडेल बंद केले तरी पुढची सात वर्षे ते मिळत राहावे. फ्रीज घ्यायला जाल तेव्हा रंग, लिटर आणि तारे विचारून झाले की विक्रेत्याला एवढे विचारा : "याची बिजागरी केवढ्याला?" तो गोंधळेल. गोंधळू द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो मालकाला विचारील, आणि शंभरांनी विचारले की मालक कंपनीला विचारील.

कारण कोणते दार किती दिवस वापरायचे हे त्या दाराच्या मालकाने ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि ज्याने पैसे मोजून फ्रीज घरी आणला तोच त्याचा मालक, अशी आपली माझी जुनी समजूत आहे.