फासे जाळावेत की जपावेत?

युरोपातील जुने फासे, पत्ते आणि जुगाराचे पट जमवणाऱ्या माणसाकडे आपली भाविक मंडळी संशयाने पाहतात. ज्या वस्तूंनी कुटुंबे देशोधडीला लावली, त्या काचेच्या कपाटात मांडून ठेवण्यात कसला आला छंद, असा त्यांचा सवाल असतो. पाठीशी संतांचा दाखलाही असतो. १४२३ साली संत बर्नार्डिन यांची बोलोन्या येथील प्रवचने ऐकून लोकांनी आपले पत्ते व फासे अग्नीत टाकले. १४५२ साली न्यूरेंबर्ग येथे संत जॉन कापिस्त्रान यांच्या प्रवचनानंतरही तशीच होळी पेटली.

दाखला मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. संतांनी जाळले ते जुगाऱ्याच्या हातातले हत्यार. हत्यार हिसकावून घेणे निराळे आणि पुढे पाचशे वर्षांनी पुरावा नष्ट करणे निराळे. बर्नार्डिन यांच्याविषयी एक कथा सांगतात. धंदा बुडाला म्हणून पत्ते रंगवणारा एक कारागीर त्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला येशूच्या पवित्र नामाची मुद्रा रंगवायला सांगितली. संतांचे वैर पापाशी होते, कारागिराच्या कुंचल्याशी नव्हते. त्यांच्याही आधी, दहाव्या शतकात, कांब्रेचे महागुरू विबोल्ड यांनी तीन फाशांची ५६ दाने घेऊन प्रत्येकाला एकेक सद्गुण जोडला आणि धर्मगुरूंसाठी नवा खेळ रचला. फासा स्वतः पापी असता, तर हे घडले असते काय?

परंतु संग्राहकांनीही फार हुरळून जाऊ नये. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्याच्या सोन्याचा वर्ख लावलेल्या पत्त्यांपुढे ते भान हरपतात. लंडनच्या संग्रहालयातील पंधराव्या शतकातील फाशांपुढे मात्र क्षणभरही थांबत नाहीत. त्यांतले काही आतून पोखरून पाऱ्याने भरलेले आहेत, तर काहींवर एक ते तीन किंवा चार ते सहा एवढेच ठिपके आहेत. माझ्या मते हे हाडाचे खोटे फासे त्या सोनेरी पत्त्यांहून मोलाचे आहेत, कारण ते खरे बोलतात. व्हेनिसच्या सरकारने १६३८ साली स्वतःच जुगारगृह उघडले आणि १७७४ साली तेही बंद करण्याची पाळी आली. ज्या संग्रहात या लुबाडणुकीची आणि लाचारीची कथा नाही, केवळ नक्षी आहे, तो संग्रह नव्हे; ती शोभेची मांडणी होय.

आजच्या जुगाराला फासा लागत नाही, पट लागत नाही. खिशातल्या मोबाईलवर तो निमूटपणे चालतो. होळीत टाकावे असे हाती काही उरत नाही. अशा वेळी मुलांना समजवायचे तरी कशाच्या आधारे? पोखरलेला फासा त्यांच्या तळहातावर ठेवावा आणि तो दहादा टाकून पाहायला सांगावे. प्रवचनाहून तो अधिक बोलेल.

ज्यांना अजूनही संकोच वाटतो, त्यांनी जुन्या युरोपीय चित्रांतील प्रभूच्या दुःखसहनाची साधने न्याहाळावीत. तिथे खिळे आहेत, काट्यांचा मुकुट आहे, भाला आहे. आणि प्रभूच्या झग्यासाठी शिपायांनी टाकलेले फासेही आहेत. ख्रिस्तसभेने ते खोडून टाकले नाहीत. क्रुसाशेजारी, सर्वांना दिसतील असे, जपून ठेवले.