कुंडी कुणाची?

‘हित्तल गिड मद्दल्ल’ अशी एक कन्नड म्हण आहे. परसातल्या झाडाला कुणी औषध मानत नाही, असा तिचा अर्थ. आपली ‘पिकते तिथे विकत नाही’ ही तिचीच मावसबहीण. पण या म्हणीला निदान परसदार तरी हवे! बेळगावात कौलारू घरांच्या जागी मजल्यांवर मजले चढत गेले आणि अनेकांचे परसदार गेले. उरली ती खिडकी. त्या खिडकीत मुलांकडून कोथिंबीर, मेथी, पुदिना, पानओवा लावून घ्यावा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझेही मत तेच आहे. त्यांची कारणे मात्र मला पटत नाहीत.

पहिले कारण बचतीचे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. खर्चाच्या बाजूला कुंडी, माती, शेणखत आणि जमेला चार चिमटी कोथिंबीर मांडली, तर वर्षअखेर तोटाच दिसेल. त्यापेक्षा बाजारातली पेंडी परवडते. दुसरे कारण शाळेच्या प्रकल्पाचे. तिथे आई माती भरते, बाबा पाणी घालतात आणि गुण मात्र मुलाला मिळतात. ही कुंडी मुलाची कशी?

खरा लाभ वेगळाच आहे. मेथी दोन-तीन दिवसांत वर येते. धणे मात्र आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक, मातीत दडून बसतात. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून तो हलक्या हाताने रगडून, दोन दले करून पेरायचा आणि वाट पाहायची. रोज माती उकरून पाहिली, तर धणे रुजत नाहीत. हे सांगून कळत नाही, उकरूनच कळते.

पुढे एखादे रोप मरते. घरातले रोप तहानेपेक्षा मायेनेच अधिक मरते. कुंडीच्या तळाला भोक नसले, की पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ऊनही दुर्मीळ. अशा वेळी काही पालक मूल झोपल्यावर गुपचूप नवे रोप आणून लावतात. हेतू चांगला, पण मला तो खोटा जमाखर्च वाटतो. तोटा वहीत दाखवलाच नाही, तर व्यवहार सुधारणार कसा? मुलाला मेलेले रोप स्वतः उपटू द्यावे, काळी पडलेली मुळे पाहू द्यावीत. पुढच्या वेळी ते आधी मातीत बोट घालून ओल पाहील, मग तांब्या उचलील.

आणि रोप जगले, की मुलाजवळ दुसऱ्याला देण्याजोगे काहीतरी स्वतःचे येते. पानओव्याची फांदी मातीत खोचली तरी जगते. ती शेजारच्या कन्नड घरी द्यावी आणि तिथून ‘दोड्डपत्रे’ हे तिचे दुसरे नाव घेऊन यावे. खोकला झाला की दोन्ही घरांत याच पानांची आठवण होते.

तेव्हा धाकटी भावंडे, भाचरे असलेल्या मित्रमैत्रिणींनो आणि घरी लहान मुले असलेल्या प्राध्यापकांनो, धणे आणून द्या, कुंडीला भोक पाडून द्या, उन्हाची खिडकी दाखवा आणि मग हात मागे घ्या. कुंडी मुलांची असेल, तर तिच्यातली जमाही त्यांची आणि तोटाही त्यांचाच असू द्या.