गुदमरून मृत्यू की मनुष्यवध?

गटारात किंवा मैलाटाकीत उतरलेला कामगार मेला म्हणजे पोलीस पंचनामा करतात, 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद करतात आणि कारण म्हणून 'गुदमरून' हा एकच शब्द लिहितात. जणू हवेनेच त्या माणसाशी वैर धरले होते! ज्यांनी त्याला खाली उतरविले त्यांच्याविषयी त्या कागदावर बहुधा अक्षर नसते. आमचा आक्षेप या शब्दावर आहे. तो खोटा नाही. परंतु त्याच्या आडोशाने गुन्हेगार सुटतो.

शास्त्र काय सांगते? बंद टाकीत मैला कुजतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड, मिथेन इत्यादी वायू निर्माण होतात आणि प्राणवायू घटतो. बाहेरच्या हवेत प्राणवायू शेकडा २१ च्या आसपास असतो. तो शेकडा ६ च्या खाली गेला की काही मिनिटांत प्राण जातो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी दबा धरून बसतो. तो अल्प असता सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला, आता भय नाही, असे ज्यास वाटले तोच फसला! हजार भागांच्या आसपास तर एक-दोन श्वासांत मनुष्य कोसळतो. शिवाय हा वायू गाळात कोंडलेला असतो. टाकी वरून शांत दिसते आणि गाळ ढवळताच तो उसळतो. पेटता दिवा खाली सोडून पाहण्याची रूढी घातकीच होय. दिवा जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडतो. मग पहिल्यास काढण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यामागून तिसरा.

यातील कोणती गोष्ट अज्ञात आहे? वायू मोजण्याचे यंत्र आहे, ताजी हवा आत सोडणारे पंखे आहेत, बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा आहे, पट्टा व दोर आहे. सर्वांत उत्तम म्हणजे मैला शोषून घेणारी गाडी आहे. ती आणली तर माणसाने उतरण्याचे प्रयोजनच उरत नाही. परंतु गाडीला भाडे पडते आणि अस्पृश्य मानलेल्या जातीचा माणूस स्वस्त पडतो. त्याच्या मरणाचे खरे कारण हा हिशेब आहे.

कायदा मुका आहे असेही नाही. १९९३ चा कायदा अपुरा पडला म्हणून २०१३ चा आला आणि तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अंमलात आला. त्याच्या कलम ७ ने गटार व मैलाटाकीची जोखमीची सफाई करवून घेण्यास मनाई केली. कलम ९ ने पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेविले. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, संरक्षक साधनांवाचून गटारात उतरविणे हा आणीबाणीच्या प्रसंगीही गुन्हाच आहे. त्या निकालाने मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये ठरविले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ते तीस लाख झाले. आणि तरीही जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारने उत्तर दिले की, हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही! कायद्यात 'मैला साफ करणारा' आणि 'जोखमीची सफाई' या दोन व्याख्या निराळ्या आहेत, एवढ्या फटीतून मढी बाहेर काढण्यात आली. हे उत्तर देणारे राज्यमंत्री श्री. रामदास आठवले आपल्याच चळवळीतून पुढे आलेले आहेत, हे लिहिताना लेखणी जड होते.

पण बोट केवळ दिल्लीकडेच का दाखवावे? डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे तीन कामगार मेले ते एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत. आज आमचे शिकलेले बौद्ध बांधवही अशा संस्थांचे सभासद आहेत, चिटणीस आहेत. टाकी भरली की ठेकेदाराला दूरध्वनी करताना 'गाडी आणणार की माणूस उतरविणार?' हा प्रश्न त्यांच्यापैकी किती जण विचारतात? भगवान बुद्धांनी राजगृहाच्या सुनीत या सफाई करणाऱ्यास संघात घेतले. त्यांचे नाव घेणाऱ्याने दुसऱ्या सुनीताला विहिरीएवढ्या अंधारात सोडावे, हे कोणत्या धम्मात बसते?

वकील या नात्याने एक गोष्ट निक्षून सांगतो. २०१३ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार झाली पाहिजे; नाहीतर त्या कायद्याखाली न्यायालय दखलच घेत नाही. शोकात बुडालेल्या घराचे तीन महिने कसे जातात हे ठेकेदारास पुरते ठाऊक असते. म्हणून तो थोडी रक्कम हाती ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. तो देऊ नका. अकस्मात मृत्यूच्या नोंदीवर समाधान मानू नका. ठेकेदार आणि त्यास काम देणारा, दोघांचीही नावे फिर्यादीत घाला. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेस भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी आहे. परंतु विषारी वायू असल्याची जाणीव असताना माणूस उतरविला असेल तर सदोष मनुष्यवधाच्या कलम १०५ चा आग्रह धरा. मृत अनुसूचित जातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(ञ) ही मांडा. प्रतिपक्ष व्याख्येचा कीस काढील, काढू द्या. बौद्ध झाल्याने हा अधिकार जातो, असे कोणी ठाण्यात सांगितले तर १९९० ची दुरुस्ती दाखवा आणि फिर्यादीची प्रत हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.