अंजनेरीची वाट पायीच हवी

नाशिक-त्र्यंबक मार्गावरील अंजनेरी हे हनुमंताचे जन्मस्थान म्हणून पूजिले जाते. डोंगर मात्र शासकीय वनभूमी. सरकारी म्हणजे आपली, हे खरेच. पण आपली म्हणजे कशी? वन्यजीव संरक्षण कायद्यातील छंदाच्या शिकारीचे परवाने १९९१ च्या दुरुस्तीने संपले, तेव्हाच एक मर्यादा ठरली. वनात जाता येईल, वन लुटता येणार नाही.

२०२१ मध्ये गडावर मोटाररस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आला. येथील कड्यांत गिधाडांची घरटी आहेत. २००६ मध्ये नोंदली गेलेली कंदीलपुष्पाची एक जात तर या डोंगराचेच नाव धारण करते. भाविकांच्या सोयीसाठी हे पणाला लावायचे? (मारुतिरायाच्या दर्शनाला मोटारीने जायचे, हेही नवलच!)

तथापि वाटेला कुलूप ठोकणे हाही उपाय नव्हे. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीला कायद्यानेच स्थान आहे. पावसाळी रविवारी किती जणांनी चढावे, गिधाडांच्या विणीच्या काळात कोणता कडा वर्ज्य असावा, हे तेथेच ठरावे व पायथ्याच्या फलकावर झळकावे. शुल्क घ्यायचेच, तर ते गावाच्या पदरी पडावे.